वळणावर कोण किती थांबलं

६ जानेवारी, सोमवार

सुदर्शनच्या कंपनीने दिलेली डायरी त्याला नको होती, म्हणून ती माझ्याकडे आली. पाने गुळगुळीत आहेत, शाई पसरते की काय अशी भीती वाटते. बॉलपेनने लिहितो आहे.

आज जेवताना अपेक्षाने, म्हणजे सुदर्शनच्या मुलीने, मला विचारलं, "आजोबा, बाईचा आणि पुरुषाचा मेंदू वेगळा असतो का?" ती कोथरूडच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी म्हटलं, असणारच. देवाने बाकीचं सगळं वेगळं केलं, तर मेंदूच तेवढा एक कशाला ठेवेल?

सूनबाई आमटी वाढत होती. "वेगळा असतो ना," भाग्यश्री म्हणाली. "आमचा वापरून झिजतो. पुरुषांचा पॅकिंगमध्येच राहतो."

सुदर्शन हसला नाही. मला आमटी कमी वाढली गेली असं वाटलं, पण विचारलं नाही.

८ जानेवारी, बुधवार

मी आठवीपर्यंत शिकलो. तिथून पुढे भोसरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं, त्यातली शेवटची अकरा तपासणी खात्यात. मेंदूबद्दल मला काय कळणार? पण परवापासून प्रश्न डोक्यातून जात नाही. रक्तदाब वाढला असेल.

रोजच्यासारखा सकाळी फिरायला गेलो. मी पुढे, आमची ही दोन पावलं मागे. वारज्यात हल्ली दर महिन्याला एखादी नवी इमारत उभी राहते, रस्ते ओळखू येत नाहीत. कॅनॉलजवळ मी डावीकडे वळणार, एवढ्यात मागून ही म्हणाली, "अहो, तिकडं कुत्री असतात." म्हणून उजवीकडे वळलो, तर पाच मिनिटांत घर. हिला कुत्र्यांचं भय फार. परवा चिखल होता म्हणाली, त्याच्या आदल्या दिवशी कोथिंबीर घ्यायची होती. बायकांचं लक्ष रस्त्यावर नसतं, असल्या गोष्टींवर असतं. हे अपेक्षाला सांगायला हवं.

१२ जानेवारी, रविवार

काल अपेक्षाला सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं, याचा मला आनंद झाला. मग ती म्हणाली की पुरुषाचा मेंदू वजनाने सरासरी शंभर-सव्वाशे ग्रॅम जास्त भरतो.

"बघ," मी म्हटलं.

"आजोबा, पुरुषाचं शरीरही मोठं असतं. हत्तीचा मेंदू तुमच्यापेक्षा मोठा आहे."

पुढे तिने बरंच सांगितलं. मेंदूच्या काही भागांत सरासरीचा थोडा फरक सापडतो म्हणे, पण नुसता मेंदू बघून तो बाईचा की पुरुषाचा हे छातीठोक सांगणं अवघड. हे मला पटेना. रात्रभर विचार केला आणि सकाळी दात घासताना एकदम उमगलं. आमच्याकडे दोन मशीनांवर एकच बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, बनायचा. एका मशीनचा माल सरासरीने केसभर मोठा यायचा. शंभर नग मोजले की फरक दिसायचा. पण दोन्हीकडचा माल एका ट्रेमध्ये पडला, की एक नग उचलून हा कुठल्या मशीनचा हे परमेश्वरालाही सांगता आलं नसतं.

अपेक्षाला हे सांगितलं तर तिने तेही वहीत उतरवलं. "आजोबा, आमच्या मॅडमना हे आम्हाला समजवायला दोन तास लागले होते."

मग तिने काम सांगितलं. तिचा प्रकल्प आहे. साठीच्या पुढची सहा जोडपी हवीत. कोथरूडच्या अनोळखी गल्ल्यांतून त्यांना एकदा बागेपासून देवळापर्यंत न्यायचं, मग त्यांनी एकेकट्याने, स्वतः रस्ता आठवत, देवळापासून बागेपर्यंत परत यायचं. आपण दहा पावलं मागे राहून तक्त्यात लिहायचं. किती वेळा थांबले, किती वेळा चुकले, किती मिनिटं लागली. प्रकल्प चांगला झाला तर तिच्या मॅडम बंगळूरच्या एका संस्थेत तिची शिफारस करणार आहेत. त्या शिफारशीशिवाय तिथे कोणी उभं करत नाही.

माणसं जमवायचं काम माझं. ज्येष्ठ नागरिक संघात मला नाही म्हणणारं कोणी नाही, पण हो म्हणून न येणारे बरेच आहेत.

१९ जानेवारी, रविवार

आज पुरुषांची पाळी झाली. मला धरून सहाही आले. रतनराव तर टाय लावून आले. पोस्टातून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण परीक्षा म्हटली की टाय.

मागे अपेक्षा स्वतः चालली. सहा जणांत मिळून चार थांबे. त्यातला एक माझा, पण तो चपलेत खडा गेला म्हणून. मी तसं लिहायला सांगितलं. ती म्हणाली, कारणाचा रकाना नाही. दोघे चुकले, त्यात पोपटराव सरळ एका मंगल कार्यालयात शिरले आणि आत कोणी हटकलं नाही म्हणून जेवून येणार होते.

पुढच्या रविवारी बायका. पण त्या दिवशी सव्वीस जानेवारी, अपेक्षाला कॉलेजच्या संचलनात उभं राहायचं आहे. म्हणाली, "तुम्ही एकटे कराल?" तक्ता आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. आठवी पास माणसाच्या हातात. घड्याळाचा सेल नवा टाकून घेतला.

२६ जानेवारी, रविवार

थकलो आहे, पण लिहून ठेवतो.

देवळापाशी पहिली अडचण आली. रतनरावांच्या चंद्रभागाबाई म्हणाल्या, "भावजी, मी एकटी पुढं जाणार आणि तुम्ही कागद घेऊन माझ्या मागनं येणार? बघणारा काय म्हणेल?" बाकीच्याही तसंच म्हणू लागल्या. तसं बघायला गेलं तर त्यांचंही बरोबर होतं. शेवटी रतनरावांनीच तोड काढली. बायकांना पोचवायला नवरे आलेच होते. ज्याची त्याची बायको पुढे, दोन पावलांवर नवरा, त्याच्या मागे मी. नवऱ्याने तोंड उघडायचं नाही. सगळ्यांना बजावलं आणि एकानेही तोंड उघडलं नाही. पोपटरावांनी तर रुमाल तोंडावर धरला होता. आमच्या हिच्या मागे मीच होतो. मीही बोललो नाही.

आकडे असे. पुरुषांचे थांबे चार. बायकांचे सव्वीस. जवळजवळ प्रत्येक वळणाला बाई थांबते, मागे बघते आणि मग वळते. आमची ही पाचही वळणांना थांबली. चुकली मात्र एकही नाही, हे जरा नवलच.

म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं. शास्त्राने ठरलं. घरी येताना हिला म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस, मेंदूच तसा असतो. ती म्हणाली, "पाय दुखतायत तुमचे. रिक्षा करा."

२८ जानेवारी, मंगळवार

अपेक्षाने आकड्यांची बेरीज दोनदा करून पाहिली. फरक निघणार नाही असं तिला वाटत होतं. पण मॅडमना दाखवल्यावर त्या म्हणाल्या, एवढा मोठा फरक कुठल्याच प्रकल्पात आलेला नाही, सहा फेब्रुवारीला कॉलेजात सर्वांसमोर मांड.

काल रात्री सुदर्शन फारच खुशीत होता. भाग्यश्रीला नगरला माहेरी गाडी स्वतः चालवत न्यायची आहे, त्यावरून दोघांचं महिनाभर चाललं आहे. "आता बाबांनी सिद्धच केलंय," तो म्हणाला. "प्रत्येक चौकात थांबशील. मार्चमध्ये पोचशील."

"बरं," भाग्यश्री म्हणाली. "उद्यापासून मंडईत तुम्हीच जा. माझ्या मेंदूला ती सापडायची नाही."

आज सुदर्शनने आणलेली मेथी जून निघाली.

३० जानेवारी, गुरुवार

आज जे कळलं ते घाईघाईने लिहितो आहे. अक्षर वाईट येतंय.

ही वाटाणे सोलत बसली होती. मी सहज विचारलं, "त्या दिवशी वळणावर तुला आठवत नव्हतं तेव्हा मनात काय यायचं गं?" मला कुतूहल होतं, मेंदू आतून कसा अडत असेल याचं.

"कधी आठवत नव्हतं?"

"पाच वेळा थांबलीस."

"तुमच्यासाठी थांबले. तुम्ही कागदावर लिहीत मागं राहत होता. मागच्या माणसाला सोडून वळायचं कसं?"

"आणि रस्ता?"

"रस्त्याचं काय, पाच तर वळणं." आणि वाटाणे सोलता सोलता तिने ती सांगितली. इस्त्रीवाला, मग बोगनवेलीची भिंत, मग गंजलेला झोका असलेलं घर, मग बंद पडलेलं एटीएम, मग दवाखान्याची पाटी, जिच्यावर डॉक्टरचं नाव खडूने लिहिलंय. मला त्यातलं फक्त एटीएम आठवत होतं.

मग मी चंद्रभागाबाईंना फोन लावला. "यांचा गुडघा धरतो भावजी, थांबायला नको?" पोपटरावांची बायको म्हणाली, नवरा मागे असताना आपणच आधी वळून जायचं हे बरं दिसत नाही, त्यांनी मान हलवली की वळायचं. रुमाल धरूनही मान हलत होती, हे माझ्या ध्यानात आलंच नाही. उरलेल्या तिघींनाही विचारलं. सव्वीसमधला एकही थांबा रस्ता आठवेना म्हणून झालेला नाही. पुरुषांच्या मागे बायको नव्हती, फक्त दहा पावलांवर अपेक्षा होती. ते कोणासाठी थांबणार?

मी मेंदू मोजलाच नाही. मी काय मोजलं, तेही मला ठाऊक नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

झोप नाही. कारखान्यात एक नियम होता. मोजण्याचं गेज चुकीचं निघालं, की ते मागे ज्या दिवशी तपासलं होतं, तिथपासूनचा सगळा माल परत मागवायचा. गिऱ्हाइकाकडे पोचलेला असला तरी. एकदा मी सोळाशे बुश परत मागवले होते. साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हा मला भीती वाटली नव्हती.

आता वाटते. पोरगी रात्रंदिवस पडद्यावर दाखवायची चित्रं तयार करते आहे. बंगळूरच्या अर्जाची मुदत दहा तारखेपर्यंत. मी गप्प बसलो तर कोणाला कळणार आहे? हिला कळलेलं नाही. तिला वाटतं मी वाटाणे सोलताना सहज विचारलं.

दोनदा उठून गॅसचा नॉब पाहिला. बंदच होता.

२ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

अपेक्षाने तक्ता समोर ओढला. मग म्हणाली, "नवरे मागे होते हे तुम्ही लिहिलं का नाहीत?"

"रकाना नव्हता."

"आजोबा, फोन तरी करायचा."

"तू संचलनात होतीस. आणि मला त्यात काही वेगळं वाटलं नाही गं. बायको आणि नवरा चालले आहेत, यात लिहिण्यासारखं काय?"

हे ऐकून ती रागावली की हसली ते मला कळलं नाही. तोंड फिरवून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मॅडमना सांगावं लागेल." मी म्हटलं, मी येतो, चूक माझी आहे. ती म्हणाली, "नको. आकडे मी न विचारता घेतले. ती चूक माझी आहे."

दार लावून घेतलं. जेवायला बाहेर आली नाही. भाग्यश्रीने ताट आत नेलं आणि जाता जाता मला म्हणाली, "बाबा, बरं केलंत सांगितलंत." सुदर्शन म्हणाला, दहा तारखेनंतर सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी त्याला ते सोळाशे बुश सांगायला गेलो, पण त्याने ते आधी ऐकलेले होते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सहा तारखेच्या यादीतून तिचं नाव काढलं. मॅडम म्हणाल्या, पुन्हा नीट करून आण, मग शिफारशीचं बघते. म्हणजे एकच रविवार हातात. मी सगळ्यांच्या घरी जाऊन हात जोडले. रतनराव म्हणाले, "वैजनाथराव, शास्त्रासाठी काहीही. टाय धुवायला टाकतो."

या वेळी नव्या गल्ल्या. स्त्री असो वा पुरुष, कोणाच्याही मागे कोणी नाही. प्रत्येक वळणावर अपेक्षाची एकेक मैत्रीण, मोबाईल बघत उभी असल्यासारखी. मला बागेच्या फाटकाशी बसायचं आहे, फक्त पोचल्याची वेळ लिहायला. जागेवरून हलायचं नाही, असं तीनदा सांगितलं. तिचा विश्वास उडालेला आहे. बरोबरच आहे.

मी विचारलं, आता काय निघेल असं तुला वाटतं? ती म्हणाली, "मला काहीच वाटत नाही, आजोबा. मागच्या वेळी वाटत होतं, तिथेच घोटाळा झाला." हे मला आवडलं. मलाही हल्ली रोज नवंच काहीतरी कळतं आहे. लंडनच्या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूत रस्ते लक्षात ठेवणारा भाग वाढलेला आढळला म्हणे, गल्ल्या पाठ कराव्या लागतात म्हणून. म्हणजे जे वापरू ते वाढतं. मग पन्नास वर्षं पुढे चालून माझं काय वाढलं, आणि मागे चालून हिचं काय? असं विचारल्यावर अपेक्षा म्हणाली, हे कोणी मोजलेलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी पुरुष आटोपले. सहांचे मिळून पाच थांबे, एक चुकला. तो मी. खडा नव्हता. लिहायला सांगितलं.

मग बायका. चंद्रभागाबाई नऊ मिनिटांत, एकही थांबा नाही. आल्या आणि म्हणाल्या, "एवढंच होतं होय?" पाच जणींचे मिळून सहा थांबे, एक चुकली. म्हणजे जवळजवळ बरोबरी. अपेक्षाने कागदावर आकडे पुन्हा पुन्हा तपासले. तिचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला.

शेवटी आमची ही. देवळापासून निघाल्याचा फोन आला. पहिल्या वळणावरच्या मुलीचा फोन आला, आजी गेल्या, थांबल्या नाहीत. दुसऱ्या वळणावरचाही तसाच. तिसऱ्याचा येईना. दहा मिनिटांनी अपेक्षानेच फोन केला, तर तिथली मुलगी म्हणाली, "आजी इकडे आल्याच नाहीत."

मी उठलो. अपेक्षाने माझा हात धरला. "आजोबा, बसा."

"तिला मोबाईल चालवता येत नाही. जवळ पैसे नाहीत."

"तुम्ही गेलात तर हाही प्रयोग जाईल." तिचाही आवाज बरोबर नव्हता. तिची आजी आहे ती. एकीकडे दहा तारीख आणि एकीकडे आजी, आणि ती पोरगी माझा हात धरून उभी.

पंधरा मिनिटं. अठरा. पन्नास वर्षांत ही रस्त्यावर माझ्याशिवाय एकटी किती वेळा होती, ते मी मोजू लागलो. बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हाही एसटीत मी बसवून दिली होती. वीस मिनिटं झाल्यावर अपेक्षा म्हणाली, "प्रयोग गेला खड्ड्यात, चला." आम्ही फाटकाबाहेर पडलो.

आणि ही आली. देवळाच्या बाजूने नाही, बागेच्या मागच्या अंगाने. घाई नाही, काही नाही. पदर नीट.

"कुठं चुकलीस?" मी जवळजवळ ओरडलो.

"चुकले कशाला? दुसऱ्या वळणाला एक पायऱ्यांची वाट दिसली, टेकडीकडं जाणारी. वाटलं, ही बागेमागंच उतरत असणार." तिने मागे बोट दाखवलं. "तिथंच उतरते."

"मग इतका वेळ?"

"वर एक दगड आहे. बसले होते."

"बसलीस? का?"

"मागं कोणी नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून बसले."

अपेक्षाने तक्त्यावर पेन टेकवलं. थांबे किती लिहायचे? चूक लिहायची का? चूक तर नव्हतीच. मॅडमच्या कुठल्याच रकान्यात आजी बसत नव्हती. तिने रकाना मोकळा ठेवला आणि खाली जे झालं ते लिहिलं, पूर्ण तीन ओळी. मी म्हटलं, पहिल्या वेळी निरीक्षकाने काय गोंधळ घातला तेही अर्जात लिही, नावासकट. ती म्हणाली, ते कालच लिहिलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काल संध्याकाळी अर्ज गेला, मॅडमच्या शिफारशीसह. निवड होईल की नाही ते मार्चमध्ये कळेल. मॅडमनी विचारलं म्हणे, सहा-सहा माणसांवरून मेंदूबद्दल काय सांगता येईल? अपेक्षाने उत्तर दिलं, काहीच नाही, पण मोजणाऱ्याबद्दल सांगता येईल.

मेंदू वेगळे असतात का, हे मला अजून कळलेलं नाही. असतीलही. दोन मशीनांचा माल केसभर वेगळा असतोच. पण मी मायक्रोमीटर उलटा धरला होता, एवढं नक्की.

सुदर्शनने गाडीची किल्ली भाग्यश्रीच्या पर्सशेजारी ठेवलेली मी पाहिली.

आज फिरायला निघताना मी हिला म्हटलं, तू पुढे हो. ती म्हणाली, "कशाला?" मी म्हटलं, मला बघायचंय. "काय बघायचंय?" उत्तराची वाट न बघता ती निघाली. मागून चालताना फार लक्ष द्यावं लागतं. पुढच्या माणसाचा पाय, मागून येणारी गाडी, खड्डा, सगळं आपल्याच अंगावर. पुढे असताना यातलं मला काहीच नव्हतं.

कॅनॉलजवळचं वळण आलं. ती थांबली नाही. मला थोडं पळावं लागलं.